दोन जिवांच्या बाईला सुगीचा भाव

किंदळवाडा, ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड
दिनांक : १९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
रोख साहाय्य व बाजारभाव नोंद विभाग,
कानेरी खोरे आपत्ती साहाय्य मंडळ,
रामनगर कार्यालय.

अर्जदार : सौ. अनुसया सुदेश वेळीप, वय २६, राहणार किंदळवाडा.
अर्जलेखक : महाबळेश्वर सोमा मिराशी, निवृत्त मुख्याध्यापक, मराठी शाळा, राहणार सदर.

विषय : जानेवारी ते जुलै या सात महिन्यांत अर्जदाराने स्वतःच्या हाताने केलेल्या तांदळाच्या भावाच्या नोंदी रद्द करण्याबाबत, व त्या नोंदींवर विसंबून किंदळवाड्याच्या तेवीस घरांचे रोख साहाय्य ३० सप्टेंबरला बंद न करण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, त्यांना आलेली आपली तीन उत्तरे, साहाय्य समाप्तीची नोटीस, आणि अर्जदाराच्या घरी पोचलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. हा अर्ज अर्जदाराने सांगितला आणि खाली सही केलेल्या माणसाने लिहिला, असे आहे. आधीचे तीन अर्ज अनुसयाने स्वतः लिहिले होते. तिचे अक्षर मोत्यासारखे आहे. चौथीत तिच्या बोटांवर फूटपट्टी मारून ते तसे करणारा इसम प्रस्तुत अर्जलेखकच. पण तिच्या तिसऱ्या अर्जावर आपल्या कार्यालयाने 'मजकूर भावनिक असून मुद्द्यास धरून नाही' असा शेरा मारला. तेव्हा मुद्द्यास धरून लिहिणारा माणूस हवा म्हणून ती अर्जलेखकाच्या ओसरीवर येऊन बसली. माणूस शेवटपर्यंत मुद्द्यास धरून राहील याची हमी मात्र त्याला स्वतःलाच नाही. अर्ज मराठीत आहे, कारण तो अर्जदाराच्या सासूला वाचून दाखवायचा आहे. कन्नड प्रत सोबत आहे.

२. मागची हकीकत आपणांस ठाऊक आहे, तरी फायलीसाठी थोडक्यात. गेल्या वर्षी आषाढात किंदळवाड्यावरचा डोंगर खाली आला. माणूस एकही गेले नाही, म्हणून वर्तमानपत्रात चार ओळींत आमचे काम भागले. पण वाडीची सगळी भातखाचरे कमरेइतक्या गाळाखाली गेली, आणि बियाणे होते तेही त्यातच गेले. मंडळाने डिसेंबरपासून तेवीस घरांना महिना साडेचार हजार रुपये रोख द्यायला सुरुवात केली. त्याबद्दल वाडी आपली ऋणी आहे, आणि हे वाक्य रीत म्हणून लिहिलेले नाही. रेशनचा तांदूळ महिन्यातले बारा-तेरा दिवस पुरतो. उरलेले दिवस रामनगरच्या आठवडी बाजारातल्या तांदळावर काढायचे. आपण शाळेच्या पटांगणात सभा घेऊन सांगितलेत की, दर दोन महिन्यांनी बाजारातला भाव बघू. भाव चढला तर रक्कमही चढवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिशेब सरळ होता, न कळण्यासारखे त्यात काही नव्हते.

३. भाव नोंदायला माणूस हवा होता. मंडळाचा नियम असा की हे काम हलके आहे, म्हणून ते गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईलाच द्यावे. ज्याने हा नियम केला त्याच्या मनात माया होती, यात शंका नाही. जंगलात मोळ्या वाहण्यापेक्षा तिने वही वाहिलेली बरी. अनुसयाला तेव्हा तिसरा महिना होता, पहिलीच खेप. तिचे नाव सुचवले अर्जलेखकाने. हेही फायलीत राहू द्यावे.

तिला एक मोबाइल मिळाला, दर बाजाराला तीनशे रुपये मिळू लागले, आणि गळ्यात घालायला हिरव्या फितीचे ओळखपत्र मिळाले. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते : 'गरोदर महिला. जड काम सांगू नये.' ते गळ्यात असल्याशिवाय केलेली नोंद बाद. शिवाय सूचनांचा कागद होता. त्यातली चौथी सूचना अनुसयाला आजही झोपेतून उठवून विचारली तर तोंडपाठ येईल : तीन विक्रेत्यांकडून एकेक शेर तांदूळ स्वतः विकत घ्यावा, जो पैसा स्वतः मोजला तोच भाव भरावा, ऐकीव भाव भरू नये.

४. आता जी गोष्ट आपल्या फॉर्ममध्ये बसत नाही ती. या भागातले जुने विक्रेते दोन जिवांच्या बाईला वर्षभर सुगीचाच भाव सांगतात. म्हणजे भात कापून नवा तांदूळ बाजारात येतो तेव्हा जो भाव असतो, तोच भाव तिला पुढच्या सुगीपर्यंत. मूल झाले तर ते अंगावर पिते तोवर. बाहेर भाव आभाळाला भिडला तरी तिच्यासाठी तो हलत नाही. आणि तिच्या मापावर पट्टी फिरवत नाहीत. तुम्हाआम्हाला शेर मिळतो तो पट्टीने सपाट करून. तिचा शेर शीग लावून, काठावरून दाणे ओघळेपर्यंत. ती वरची शीग आतल्या जिवाची.

हे कुठे लिहिलेले नाही. कुणी बोलूनही दाखवत नाही. बोलले तर पोटाला दृष्ट लागते म्हणतात. विक्रेता भाव सांगतो, बाई पैसे मोजते, संपले. अनुसयाला शिगेचे ठाऊक होते, भावाचे ठाऊक नव्हते. पहिलटकरणीला ते कोण सांगणार? तिच्या सासूला, रुक्मिणीबाईंना, ठाऊक होते, पण त्यांची समजूत अशी की वहीत 'सरकारी भाव' लिहितात, त्याचा आपल्या सुनेच्या पिशवीशी काय संबंध. अर्जलेखकाला तर सत्तर वर्षांत याचा पत्ता नव्हता. म्हाताऱ्या मास्तराला शीग कोण लावतो!

५. जानेवारीत, ऐन सुगीच्या मागोमाग, शेराचा भाव बावन्न रुपये होता. अनुसयाने बावन्न लिहिला. फेब्रुवारीत बावन्न. मार्चमध्ये रामनगरच्या वाटेवरच्या पुलावरून अवजड गाड्या बंद झाल्या, तांदळाच्या गाड्या लांबच्या वाटेने येऊ लागल्या आणि भाव चढायला लागला. साठ झाला, सहासष्ट झाला, मे संपता संपता अठ्ठ्याहत्तरला पोचला. अनुसया सकाळच्या पहिल्या गाडीने जायची, गर्दीच्या आधी तिन्ही ठिकाणी तांदूळ घ्यायची, आणि दुपारच्या गाडीने परत. तिन्ही विक्रेत्यांना गळ्यातली हिरवी फीत लांबूनच दिसायची. तिन्ही ठिकाणी बावन्न. आठवड्यामागून आठवडे तिच्या वहीत एकाखाली एक बावन्न आहेत, आणि प्रत्येक बावन्न खरा आहे. तिने एकही पैसा खोटा लिहिलेला नाही. हे आपल्या कार्यालयाने कधीच नाकारलेले नाही. सगळी पंचाईत तिथेच आहे.

६. जूनमध्ये मंडळाने रक्कम निम्मी केली. कारण लिहिले होते : 'बाजारभाव सलग स्थिर असून कुटुंबे सावरत आहेत.' साडेचार हजारांचे सव्वादोन हजार झाले आणि ते घेऊन माणसे अठ्ठ्याहत्तरच्या बाजारात गेली.

शेजारच्या सुमंगलाकडे पाच तोंडे. ती अनुसयाकडे उसने तांदूळ मागायला येऊ लागली. एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा आली तेव्हा अनुसयाचे टाळके फिरले. ती काय बोलली ते तिने अर्जलेखकाला तीनदा सांगितले आणि तसेच लिहायला लावले : "अगं भाव तर जानेवारीपास्नं त्योच हाय. पैसं जात्यात तरी कुठं तुझं?" सुमंगला म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर झालाय शेर." अनुसया म्हणाली, "ऐकलेला भाव सांगू नगंस. मी सोता मोजून येते." आणि आतून वही आणून दाखवली. सुमंगलाने वही बघितली. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "तुझ्या वहीत असंल बाई," आणि रिकामे सूप घेऊन गेली. त्यानंतर ती मागायला आली नाही. पुढच्या लागवडीसाठी मातीत पुरून ठेवलेले मुडलीचे कंद त्या घराने श्रावणात उकरून खाल्ले. बियाण्याचा कंद खाणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. आपण धारवाडकडचे आहात असे ऐकतो, म्हणून सांगितले.

अनुसयाच्या स्वतःच्या घरातही काही वेगळे चालले नव्हते, फक्त तिला दिसले नाही. रुक्मिणीबाई रात्रीच्या जेवणाला 'आज उपास' म्हणायच्या. श्रावणात म्हातारीच्या उपासाकडे कोण बघते! सुनेच्या ताटात मात्र भात वाढून बसायच्या, आणि सून तोच भात अर्धा ठेवून द्यायची, कारण 'आत्ती जेवल्या न्हाईत'. एकमेकींसाठी दोघी अर्धपोटी राहिल्या.

७. ३ ऑगस्टला अर्जदार घरीच बाळंत झाली. मुलगी झाली. पावणेदोन किलोची होती. नवव्या दिवशी गेली. बारसे व्हायचे होते म्हणून तिला नाव नाही, आणि म्हणून मंडळाच्या फॉर्ममधला 'मयताचे नाव' हा रकाना अर्जदाराला भरता आला नाही. तो रिकामा ठेवल्यामुळे फॉर्म एकदा परत आला. शेवटी अर्जलेखकाने त्यात 'मुलगी' असे लिहून दिले. ते चालले.

१४ ऑगस्टला आपले पत्र आले की अर्जदार आता गरोदर वा स्तनदा प्रवर्गात राहिलेली नसल्याने तिची नेमणूक संपुष्टात आली आहे. महोदय, पत्र आले त्या दिवशी तिचे दूध आटलेले नव्हते. एवढेच लिहायला तिने सांगितले आहे, पुढे काही लिहू नका म्हणाली.

८. सुतक फिटल्यावर २७ ऑगस्टला ती बाजाराला गेली. भाव नोंदायला नाही, घरात तांदूळ नव्हता म्हणून. जिथे ती सात महिने पहिला शेर घ्यायची त्या म्हाताऱ्या विक्रेत्याचे नाव लिहू नये, असा तिचा आग्रह आहे. आपल्या फॉर्ममध्ये तो 'विक्रेता क्रमांक एक' आहे, तर इथेही तसाच राहू दे.

विक्रेता क्रमांक एकने तिला बघितले. आधी पोटाकडे बघितले, मग हातांकडे, मग तिच्या मागे कुणी मूल घेऊन उभे आहे का ते. "पोर कुठं ठिवलंस बाय?" ती म्हणाली, "न्हाई." तो म्हणाला, "न्हाई म्हंजे?" ती म्हणाली, "न्हाई, अण्णा." म्हाताऱ्याने तांदळात हात खुपसला. मग त्याने शेर भरला. सवयीने शीग चढली होती. मांडीखालची पट्टी काढून त्याने ती मापावरून फिरवली आणि वरचे दाणे पोत्यात परत पडले. "अठ्ठ्याहत्तर," म्हणाला, आणि उपरण्यात तोंड घालून रडायला लागला. त्याला कुणी निर्दय म्हणू नये. गेलेल्या जिवाच्या नावाने शीग लावली तर ती पुढच्या पोटाला बाधते, अशी त्याची समजूत आहे. तो तिचे भलेच चिंतीत होता.

अनुसयाने विचारले, "कवापास्नं अठ्ठ्याहत्तर?" तो म्हणाला, "जेठ लागल्यापास्नं." ती म्हणाली, "मग मला?" तो म्हणाला, "तुला कसा सांगू गं? तू दोन जिवांची." ती तिथेच पोत्यांच्या रांगेत खाली बसली. लोकांना वाटले मुलीच्या दुःखाने बसली. ते होतेच. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे सुमंगला आणि तिचे रिकामे सूप आले, असे ती सांगते. तेवीस घरांची निम्मी भाकरी आपण आपल्या हाताने, सुरेख अक्षरात, दर आठवड्याला काढून घेतली, हे तिला त्या दिवशी कळले. काय वाटले असेल, हे लिहिण्याची अर्जलेखकाची ताकद नाही.

९. यानंतर तिने आपणांस तीन अर्ज केले. उत्तरे तिन्ही वेळेवर आली, त्याबद्दल कार्यालयाचे कौतुकच करावे लागेल.

पहिले उत्तर : नोंदीतील दुरुस्ती नोंद केल्यापासून सात दिवसांच्या आत नोंद करणाऱ्या व्यक्तीनेच करावी. सात दिवस केव्हाच उलटून गेले होते, कारण चूक कळायला आधी मूल जावे लागले.

दुसरे उत्तर : अर्जदार आता नोंद करणारी व्यक्ती राहिलेली नाही, सबब तिला दुरुस्ती मागण्याचा अधिकार नाही.

तिसरे उत्तर : अर्जदाराच्या तक्रारीवरून बाजारभावाची फेरतपासणी करण्यात आली असून भाव बावन्न रुपयेच आढळला.

हे तिसरे उत्तर वाचून अर्जलेखकाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग फेरतपासणीची हकीकत काढली, ती अशी. अनुसयाच्या जागी मंडळाने तिच्याच धाकट्या जावेला, राखीला, नेमले आहे. राखीला पाचवा महिना आहे. नियमच तसा. तिच्या गळ्यात तीच हिरवी फीत आहे. आपले कर्मचारी श्री. निखिल हे फेरतपासणीला तिच्या सोबत गेले, तिच्या शेजारी उभे राहिले, तिने तीन ठिकाणी तीन शेर घेतले, तिन्ही ठिकाणी बावन्न मोजले, आणि श्री. निखिल यांनी फोटो काढला. माणूस सज्जन आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. फोटोत शेरावरची शीग स्वच्छ दिसते. श्री. निखिल यांनी एक शेर स्वतःसाठी मागितला असता तर त्यांना अठ्ठ्याहत्तर रुपये पडले असते आणि हा अर्ज लिहावा लागला नसता. पण नेमलेल्या व्यक्तीखेरीज इतरांनी खरेदी करू नये, अशीही एक सूचना आहे म्हणे.

१०. राखीला घरात सगळे सांगितले आहे. पुढच्या बाजाराला ती थोरल्या दिराचा, म्हणजे अनुसयाचा नवरा सुदेश याचा, रेनकोट घालून गेली. पोट झाकले, पण ओळखपत्र बाहेर घालणे भाग होते. विक्रेता क्रमांक एक म्हणाला, "रेनकोट घाटलास म्हणून मला दिसायचं न्हाई व्हय?" राखीने भर बाजारात हात जोडले : "अण्णा, पाया पडते, मला अठ्ठ्याहत्तर सांगा." आजूबाजूची माणसे हसली. भाव वाढवून द्या म्हणून रडणारे गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच बघितले असेल. म्हाताऱ्याने कानाच्या पाळ्या धरल्या. "माझ्या आईनं न्हाई केलं, माझ्या बानं न्हाई केलं. पोटातल्याला म्हागाई सांगायचं पाप माझ्या हातनं न्हाई व्हायचं बाय." त्याला तो शेर स्वतःला सत्तरला पडतो. बावन्नला देऊन तो शेरामागे अठरा रुपये गमावतो, वर शीग जाते ती निराळी. त्याच्या त्या पुण्याईने आमची वाडी उपाशी मरायला आली आहे, आणि त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही.

राखीने शेवटी चौथी सूचना मोडली. शेजारच्या बाईला पडलेला अठ्ठ्याहत्तरचा भाव तिने मोबाइलमध्ये भरला. फॉर्मवर अक्षरे आली : 'मागील नोंदीपेक्षा फरक जास्त आहे. भाव तपासून पुन्हा भरा.' तिने तपासला, पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला फॉर्मने आपण होऊन मागचा बावन्न घातला आणि 'धन्यवाद' म्हणाला.

त्याच आठवड्यात दोन पाकिटे आली. एकात नोटीस होती : भाव सलग आठ महिने स्थिर, सबब किंदळवाड्याचे साहाय्य ३० सप्टेंबरपासून बंद. दुसऱ्यात अनुसयाच्या नावाचे प्रशस्तिपत्र होते : 'अचूक व सातत्यपूर्ण नोंदींबद्दल.' चौकट सोनेरी आहे. टपाल वाटणाऱ्याने ते चुकून सुमंगलाच्या घरी दिले. सुमंगला ते घेऊन आली, अनुसयाच्या हातात ठेवले आणि निघून गेली. वाडीत कुणीच काही बोलत नाही. तोंडावर चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते, असे अनुसया म्हणते. पाणवठ्यावर ती गेली की बाया बाजूला होऊन तिला आधी भरू देतात. बाळ गेलेल्या बाईला ताटकळत ठेवू नये म्हणून देतात, हे तिलाही कळते, आणि म्हणून ते आणखी लागते.

११. यंदा गाळ उपसून अकरा घरांनी कसेबसे भात लावले आहे. ते कापायला कार्तिक उजाडेल. तोवर पन्नास दिवस. पावसामुळे जंगलातली कामे बंद आहेत. रुक्मिणीबाई दहा दिवसांपासून अंथरुणावर आहेत. उपास आता त्या म्हणत नाहीत, आता त्यांना खरोखरच जेवण जात नाही. सव्वादोन हजारही ३० तारखेला थांबले तर या वाडीत पुढचा 'मयताचे नाव' हा रकाना कुणाच्या नावाने भरायचा, एवढेच उरेल. त्या वेळी नाव असेल, फॉर्म परत येणार नाही. अर्जलेखकाचा इथे तोल सुटला आहे, याची त्याला कल्पना आहे. हे वाक्य खोडायला अर्जदाराने सांगितले होते. खोडलेले नाही.

१२. पुरावा द्या, असे तिसऱ्या उत्तराच्या तळाशी लिहिले आहे. विक्रेते पावती देत नाहीत. म्हणून परवा, १७ सप्टेंबरच्या बाजाराला, दोघी जावा मिळून गेल्या. प्रत्येकीकडे मोजून एकशे छप्पन्न रुपये होते. विक्रेता एकच, पोते एकच, माप एकच, वेळ एकच. राखीला एकशे छप्पन्न रुपयांत शीग लावलेले तीन शेर मिळाले. अनुसयाला त्याच एकशे छप्पन्न रुपयांत सपाट दोन शेर मिळाले. अर्जलेखक दहा पावलांवर उभा राहून बघत होता. येताना गिरणीच्या काट्यावर वजन केले : राखीचा तांदूळ तीन किलो नव्वद ग्रॅम, अनुसयाचा एक किलो आठशे. दोन्ही पिशव्या तोंड शिवून या अर्जासोबत समक्ष सादर केल्या आहेत. यापेक्षा मोठा पुरावा आमच्या घरात नाही.

१३. सबब विनंती अशी की, अनुसयाच्या सात महिन्यांच्या सर्व नोंदी आणि राखीच्या आजवरच्या नोंदी रद्द समजाव्यात. येत्या बाजाराला आपल्या कार्यालयातून कुणीही एक पुरुष, फीत न लावता, नुसती पिशवी घेऊन पाठवावा आणि त्याला एक शेर तांदूळ विकत घेऊ द्यावा. जो भाव त्याला पडेल तोच आमचा भाव. त्याचे उत्तर येईपर्यंत ३० तारखेची नोटीस थांबवावी. विक्रेता क्रमांक एकवर दोन भाव लावल्याबद्दल कोणतीही कारवाई करू नये. त्याने दुकान बंद केले तर उद्याच्या दोन जिवांच्या बायकांना सुगीचा भाव कोण सांगणार? राखीचे तीनशे रुपये काढून घेऊ नयेत, तिला बसून करायचे दुसरे काही काम द्यावे. आणि प्रशस्तिपत्र परत घ्यावे. ते घरात भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे, तरी अनुसया त्या खोलीत झोपत नाही.

तिला शिक्षा व्हावी, असेही एक कलम तिने सांगितले होते. ते लिहायला अर्जलेखकाने नकार दिला. ज्याने तिचे नाव सुचवले आणि जो सात महिने तिच्या वहीवर 'छान' म्हणून खूण करत होता, त्याचा नंबर तिच्या आधी लागतो.

आपल्या उत्तराची वाट बघणारी,

(सही) अनुसया सुदेश वेळीप
अर्जदार

लिहिणार : (सही) महाबळेश्वर सोमा मिराशी

सोबत जोडले आहे :

१) तीन अर्ज, तीन उत्तरे व नोटीस यांच्या प्रती.

२) भावाची वही, जानेवारी ते जुलै. मूळ.

३) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.

४) अर्जाची कन्नड प्रत.

५) तांदळाच्या दोन पिशव्या. आपल्या कार्यालयातील काट्यावर त्यांचे वजन करून, शक्य झाल्यास आजच, दोन्ही परत द्याव्यात. अर्जदार व तिची जाऊ बाहेर बाकावर थांबल्या आहेत. घरी चुलीवर आधण ठेवायला सांगून आल्या आहेत. मोठी पिशवी राखीच्या हातात द्यावी आणि तीतला दाणा नमुना म्हणूनसुद्धा काढून ठेवू नये. वरची शीग तिच्या पोटातल्याची आहे.